लष्करी हस्तक्षेपांचा निवाडा एकाच मापाने कसा करावा: अभ्यासगटासाठी कार्डांची पद्धत

मोठा देश दुसऱ्याच्या भूमीत सैन्य घालतो तेव्हा त्याला काय म्हणायचं, हे आपण बहुतेक वेळा झेंडा बघून ठरवतो. २००३ साली अमेरिका इराकमध्ये घुसली म्हणून संतापलेली मंडळी २०२२ मध्ये ‘रशियाचाही नाइलाज होता’ म्हणताना दिसतात. आणि युक्रेनवर रोज तळमळीने बोलणाऱ्यांना इराकची आठवण करून दिली, की ‘विषय बदलू नका’ असं उत्तर मिळतं. दोघंही खोटारडे नसतात. प्रकरण समोर येतं तेव्हाच त्याला नाव चिकटलेलं असतं आणि नाव वाचताक्षणी निकाल लागलेला असतो. खालची पद्धत एवढ्यासाठीच आहे: प्रश्न आधी ठरवायचे, उत्तरं लिहून काढायची आणि नाव सगळ्यांत शेवटी उघडायचं.

नाशिकमध्ये तर हे करायलाच हवं. ओझरला एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) कारखान्यात आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० ही रशियन बनावटीची लढाऊ विमानं तयार झाली. तिथे नोकरी केलेल्या घरांमध्ये रशियाबद्दल जुना जिव्हाळा आहे आणि तो समजण्यासारखा आहे. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असल्याने निवृत्त फौजी मंडळी गावात पुष्कळ. द्राक्षं युरोपात जातात, रशियातही जातात. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या सोसायट्यांमध्ये अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असलेली घरं कितीतरी आहेत. हे कल लपवायचे नाहीत. बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाने आपला कल एका ओळीत लिहून सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. मग चर्चेत कुणी कुणाला ‘तुम्ही असंच बोलणार’ असा टोमणा मारत नाही, कारण ते आधीच कागदावर असतं.

तयारी

माणसं आठ ते बारा. आठांपेक्षा कमी असली तर दोघं-तिघंच बोलत राहतात, बारांपेक्षा जास्त झाली की व्याख्यान होतं. व्याख्यानाला आपल्याकडे तोटा नाही. मे महिन्यात गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) वसंत व्याख्यानमालेत उत्तम वक्ते ऐकायला मिळतात, पण तिथून आपण वक्त्याचं मत घेऊन घरी जातो, स्वतःचं तपासून नाही. जागा म्हणाल तर सोसायटीचं सभागृह, महाविद्यालयातला वर्ग, वाचनालयाची खोली, काहीही चालेल. टेबल मात्र हवं, लिहायचं असतं.

सामान थोडकं आहे. पोस्टकार्डाच्या आकाराची जाड कागदाची कार्डं, प्रत्येक प्रकरणाची माणशी एक प्रत. भिंतीवर लावायला दोन मोठे ब्राउन पेपर. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या मोजक्या कलमांचं एक पान: कलम २ परिच्छेद ४ (दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर किंवा धमकी नको), कलम ३९ आणि ४२ (सुरक्षा परिषद धोका ठरवू शकते आणि बळ वापरायला परवानगी देऊ शकते), आणि कलम ५१ (सशस्त्र हल्ला झाला तर एकट्याने किंवा सामूहिक स्वसंरक्षण, परिषद पावलं उचलेपर्यंत, आणि केलेल्या कारवाईची परिषदेला ताबडतोब खबर). हे पान सुरुवातीला मोठ्याने वाचायचं. पंधरा मिनिटं जातात, पण ती वाचवू नका. चर्चा भरकटते त्यातल्या निम्म्या वेळा कारण हेच असतं, की कलम ५१ मध्ये ‘हल्ला झाला तर’ असं आहे, ‘हल्ला होईलसं वाटलं तर’ असं नाही, हे कुणी वाचलेलंच नसतं.

एकूण वेळ अडीच तास. दहा वाजता सुरू केलं तर साडेबाराला संपतं. कल लिहायला पाच मिनिटं, कलमांना पंधरा, दोन कार्डं शांतपणे वाचायला वीस, प्रश्नांना चाळीस, लेखी निकालाला दहा, नावं उघडायला दहा, त्यानंतरच्या चर्चेला चाळीस, नोंदीला दहा. एका बैठकीत एकच जोडी. तीन जोड्या उरकायचा मोह होतो. मग कार्डावरचं काहीच लक्षात राहत नाही.

जोडी निवडताना

सुटं प्रकरण घेऊ नका. एकट्या प्रकरणावर मापाचा खरेपणा कळत नाही. दोन प्रकरणं अशी घ्यायची, की दोन्हीत सैन्य घालणाऱ्याने सांगितलेलं कारण एकच आहे, पण झेंडे परस्परविरोधी आहेत.

पहिल्या बैठकीसाठी मात्र, कारण एकच नसलं तरी, सुएझ आणि हंगेरी घ्या. दोन्ही १९५६ ची, दोन्ही एकाच आठवड्यातली. २९ ऑक्टोबरला इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, ३१ तारखेपासून ब्रिटन आणि फ्रान्सचे बॉम्ब पडू लागले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुरक्षा परिषदेत सुएझच्या ठरावांवर ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरला, हंगेरीच्या ठरावावर सोव्हिएत संघाने. एवढी जुळी प्रकरणं इतिहासात क्वचित सापडतात. शिवाय या जोडीत अमेरिकेने स्वतःच्या मित्रांविरुद्ध भूमिका घेतली होती, त्यामुळे ‘हे सगळे एकमेकांना पाठीशीच घालतात’ हे सोपं उत्तरही चालत नाही.

नागरिकांच्या रक्षणाचं कारण घ्यायचं असेल तर पनामा (डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिका शिरली) आणि युक्रेनमधला क्रायमिया (फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये रशिया शिरला) एकत्र ठेवा. मानवतेच्या कारणासाठी कंबोडिया (डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनाम शिरला) आणि कोसोवो (मार्च १९९९ पासून तेव्हाच्या युगोस्लाव्हियावर नाटोची, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीची, ७८ दिवसांची बॉम्बफेक). संभाव्य धोक्याच्या कारणासाठी इराक २००३ आणि युक्रेन २०२२. पण ही जोडी तिसऱ्या-चौथ्या बैठकीआधी काढू नये, कारण ती सगळे लगेच ओळखतात.

‘आम्हाला बोलावलं होतं’ या कारणासाठी अफगाणिस्तान १९७९ (सोव्हिएत सैन्य) आणि कॅरिबियनमधलं छोटं बेट ग्रेनाडा १९८३ (अमेरिकी सैन्य) यांच्यासारखी जोडी नाही. तीच इथे जवळून पाहू.

कार्ड कसं लिहायचं

एका कार्डावर जास्तीत जास्त शंभर शब्द. देशांची, नेत्यांची, शहरांची नावं नाहीत. वर्ष नाही. विचारसरणी नाही: ‘साम्यवादी’, ‘लोकशाहीवादी’, ‘इस्लामी’ यांतला एक शब्द आला की झेंडा दिसतो. क्रियापद सगळीकडे एकच ठेवा: ‘सैन्य तिथे गेलं’. एकीकडे ‘घुसखोरी’ आणि दुसरीकडे ‘कारवाई’ लिहिलंत तर निकाल तुम्हीच दिलात.

कार्ड क: ‘एका लहान देशात सत्ताधारी गटात फूट पडली. सरकारच्या प्रमुखाला त्याच्याच गटातल्या लोकांनी ठार केलं. सहा दिवसांनी जवळच्या एका बलाढ्य देशाचं सैन्य तिथे गेलं. कारणं दिली ती अशी: आमचे नागरिक तिथे अडकले आहेत, आसपासच्या लहान देशांच्या संघटनेने आम्हाला विनंती केली, त्या देशाच्या घटनात्मक प्रमुखानेही मदत मागितली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ देशांनी या कृतीविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा दिला, ९ विरोधात, २७ तटस्थ.’

कार्ड ख: ‘एका देशात सत्ताधारी गटात फूट पडली. सरकारच्या प्रमुखाला त्याच्याच गटातल्या लोकांनी ठार केलं. काही आठवड्यांनी शेजारच्या बलाढ्य देशाचं सैन्य तिथे गेलं. कारणं दिली ती अशी: आमच्यात मैत्रीचा करार आहे, तिथल्या सरकारने वारंवार मदत मागितली होती, बाहेरच्या शक्ती तिथे ढवळाढवळ करत होत्या. आमसभेत १०४ देशांनी या कृतीविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा दिला, १८ विरोधात, १८ तटस्थ.’

क म्हणजे ग्रेनाडा, ख म्हणजे अफगाणिस्तान. ग्रेनाडाचे पंतप्रधान मॉरिस बिशप यांना १९ ऑक्टोबर १९८३ रोजी मारलं, २५ तारखेला अमेरिकी सैन्य उतरलं. काबूलमध्ये राष्ट्राध्यक्ष तराकींना हटवून ठार करणारे हफीजुल्ला अमीन सत्तेवर होते. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की नावं माहीत नसलेल्याला पहिल्या वाचनात फारसा फरक दिसत नाही. नेमकं तेच हवं. फरक असेल तर तो प्रश्नांमधून बाहेर पडला पाहिजे, आणि इथे तो पडतोही.

प्रश्न आणि त्यांचा क्रम

पहिला प्रश्न सरळ: सैन्य कुणाच्या भूमीत गेलं आणि त्या भूमीवरून आधी हल्ला झाला होता का? दुसरा: सैन्य घालणाऱ्याने त्या वेळी नेमका कोणता कायदेशीर आधार सांगितला? नंतर आठवणींच्या पुस्तकात लिहिलेलं कारण नको, त्या आठवड्यात सुरक्षा परिषदेला कळवलेलं कारण हवं. आधार तीनच असू शकतात: परिषदेची परवानगी, स्वसंरक्षण, किंवा त्या देशाच्या सरकारचं आमंत्रण. मानवतेचं कारण हा चौथा आधार म्हणून पुष्कळदा पुढे येतो. तो सनदेत नाही. कोसोवोबद्दलच्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली ‘बेकायदा, पण समर्थनीय’ असा निष्कर्ष काढला तो यामुळेच. गटातल्या कुणाला हा निष्कर्ष पटला तर हरकत नाही, पण मग व्हिएतनामने कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीचं हत्याकांड थांबवलं त्यालाही तोच न्याय लावावा लागेल. जगाने तो लावला नव्हता: राजधानी नॉमपेन्ह जानेवारी १९७९ मध्ये पडल्यानंतरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा ख्मेर रूजच्याच सरकारकडे राहू दिली गेली.

तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळ खातो आणि त्याला तो द्यावा. सांगितलेला आधार वस्तुस्थितीत खरा होता का? आमंत्रण असेल तर चार गोष्टी तपासायच्या: आमंत्रण कुणी दिलं, त्याच्या हातात खरोखर राज्य होतं का, सैन्य निघाल्याआधी दिलं की नंतर, आणि आमंत्रण देणाऱ्याचं पुढे काय झालं. कार्ड ख इथे कोसळतं. ज्या सरकारने बोलावलं असं सांगितलं जात होतं, त्याचे प्रमुख अमीन यांनाच २७ डिसेंबर १९७९ रोजी आलेल्या सोव्हिएत सैन्याने ठार केलं आणि बाब्राक कारमाल यांना आणून बसवलं. कार्ड क इथे टिकत नाही, पण कोसळतही नाही: गव्हर्नर जनरल पॉल स्कून (कार्डातले घटनात्मक प्रमुख) यांनी विनंती केल्याचं नंतर स्वतः सांगितलं, वाद आहे तो लेखी पत्र कधी झालं आणि असा निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना होता का यावर. हंगेरीचं कार्ड लावून बघा: पंतप्रधान इम्रे नॉज यांचं सरकार निषेध करत होतं, आमंत्रण यानोश कादार यांच्या नव्याने उभ्या केलेल्या सरकारच्या नावावर होतं, आणि नॉज यांना १९५८ मध्ये फाशी दिलं गेलं. उलट बाजूने मालीचं कार्ड लावा: जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचं सैन्य गेलं तेव्हा राजधानी बामाकोतलं सरकार जागेवर होतं आणि मदत तेच मागत होतं. पनामात नवे राष्ट्राध्यक्ष गिएर्मो एन्दारा यांचा शपथविधी अमेरिकी तळावर झाला, हेही याच प्रश्नाखाली येतं.

चौथा, दुसरा मार्ग उरला होता का. पाचवा, बळाचं प्रमाण आणि नागरिकांची हानी. हे दोन्ही प्रश्न लोकांना आपसूक सुचतात, त्यावर इथे जास्त सांगायला नको. जॉर्जिया-रशिया युद्धाचं २००८ चं प्रकरण पाचव्या प्रश्नाला चांगलं: हायडी टॅग्लियाविनी यांच्या नेतृत्वाखालच्या युरोपीय चौकशीने सुरुवात जॉर्जियाच्या माऱ्याने झाली असं म्हटलं आणि रशियाचा प्रतिसाद वाजवी मर्यादेच्या फार पुढे गेला असंही म्हटलं. एकाच अहवालात दोन्ही बाजूंवर बोट ठेवता येतं, हे गटाला प्रत्यक्ष दिसतं.

सहावा प्रश्न म्हणजे बाहेर पडणं. सैन्य कधी परतलं, मागे काय ठेवलं: स्वतःचा तळ, स्वतःचं सरकार, की जमीनच आपल्या नकाशात घेतली? ग्रेनाडातून लढाऊ तुकड्या दोनेक महिन्यांत परतल्या, पुढच्या वर्षी निवडणूक झाली. अफगाणिस्तानातून शेवटचा सोव्हिएत सैनिक १५ फेब्रुवारी १९८९ रोजी बाहेर पडला. क्रायमियात १६ मार्च २०१४ रोजी, रशियन सैन्य तिथे असतानाच, सार्वमत झालं आणि दोन दिवसांत विलीनीकरणाच्या करारावर सही झाली.

गुण देऊन बेरीज करू नका. ‘सहापैकी चार’ असं म्हटलं की पहिल्या प्रश्नातलं आक्रमण सहाव्या प्रश्नातल्या चांगल्या वर्तनाने धुऊन निघतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं राहू द्या.

निकाल लिहिणं, मग नाव

नावं उघडण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही कार्डांच्या मागे स्वतःच्या हाताने तीनपैकी एक लिहायचं: समर्थनीय, असमर्थनीय, माहिती अपुरी. आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तराने तो निकाल ठरला, त्याचा क्रमांक. तोंडी निकाल चालत नाही; नाव कळल्यावर ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ हे अगदी प्रामाणिकपणे होतं.

नावं उघडल्यावर मत बदलायला पूर्ण मुभा आहे, एका अटीवर. मत बदलणाऱ्याने कार्डात नसलेली नेमकी कोणती वस्तुस्थिती आता कळली ते सांगायचं, आणि तोच प्रश्न दुसऱ्या कार्डालाही विचारायचा. ‘अमेरिका म्हटल्यावर तेल असणारच’ असं कुणी म्हणालं, तर बरोबर आहे, ‘आर्थिक फायदा कुणाला झाला’ हा सातवा प्रश्न म्हणून ब्राउन पेपरवर लिहा आणि रशियाच्या कार्डालाही लावा. ‘रशियात हुकूमशाही आहे’ असं आलं, तर सैन्य पाठवणाऱ्या देशात निवडणुका होतात की नाही याने ज्या गावावर बॉम्ब पडला त्याच्या दृष्टीने काय बदलतं, ते सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर. पूर्ण पद्धतीतला हा एकच नियम कडकपणे पाळला आणि बाकी सगळं ढिलं सोडलं तरी चालेल.

कुठे बिघडतं

कार्ड ओळखलं जातं. विशेषतः इराक. तेव्हा उलटून वाचा. नाटोच्या विस्तारामुळे रशियाला सैन्य घालावं लागलं असं म्हणणाऱ्याला विचारा: १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली होती, म्हणजे अमेरिकेने क्युबावर चढाई केली असती तर ती योग्य ठरली असती का? शेजाऱ्याने कुठल्या गटात जावं यावर रशियाला बोलण्याचा काहीच हक्क नाही असं म्हणणाऱ्याला विचारा: मग १८२३ च्या मन्रो सिद्धांतापासून (‘आमच्या खंडांत युरोपी सत्तांनी ढवळाढवळ करू नये’) अमेरिका आपल्या खंडात काय म्हणत आली आहे? दोघांनाही उत्तर द्यायला वेळ द्या. मध्ये तोंड घालू नका.

‘मग इराकचं काय?’ हा प्रश्न दर बैठकीत येतो. तो दाबू नये. तो रास्त प्रश्न आहे. पण तो उत्तर म्हणून चालत नाही. भिंतीवरच्या दुसऱ्या ब्राउन पेपरवर तो लिहायचा आणि ज्याने विचारला त्याने पुढच्या बैठकीसाठी त्याचं कार्ड तयार करून आणायचं. ज्यांना खरोखर इराकची चाड आहे ते आनंदाने आणतात.

याच्या उलट बिघाड ‘सगळे सारखेच’ हा. ऐकायला तो निःपक्षपाती वाटतो, पण त्यात तपासायचे कष्ट टाळलेले असतात, आणि जिथे खरोखर फरक होता तिथे मेलेल्या माणसांवर तो अन्याय आहे. यावर उतारा म्हणजे झेंडा तोच ठेवून प्रकरण बदलणं. १९९१ आणि २००३, दोन्ही वेळा अमेरिका, समोर सद्दाम हुसेन. पहिल्या वेळी इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळलं होतं आणि सुरक्षा परिषदेने ठराव ६७८ ने, १२ विरुद्ध २ मतांनी, बळाची परवानगी दिली होती. चीन तटस्थ होता. दुसऱ्या वेळी नवी परवानगी मिळाली नाही आणि सांगितलेली संहारक शस्त्रं सापडली नाहीत. दोन्हीला एकच निकाल देणाऱ्याच्या हातात माप नाही, हे त्यालाही दिसतं. लिबिया २०११ याच्या मधलं: ठराव १९७३ ला १० मतं होती, विरोधात एकही नव्हतं, भारतासह पाच देश तटस्थ, परवानगी नागरिकांच्या रक्षणाची होती आणि शेवट सत्तापालटात झाला. परवानगी होती म्हणून सोडून देऊ नका, ती ओलांडली का हे विचारा.

निवाडा आणि शिक्षा यांची गल्लतही नेहमी होते. युक्रेनवरील हल्ल्यानंतर चार दिवसांत फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, रशियाच्या संघांना स्पर्धांतून बाहेर काढलं. २००३ मध्ये अमेरिकेबाबत असं काही झालं नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढलं. त्याच न्यायालयाच्या वकिलांनी सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानच्या तपासात अमेरिकी सैन्याचा भाग मागे ठेवला होता. हा दुटप्पीपणा खरा आहे, गंभीर आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्याची जागा वेगळ्या रकान्यात: ‘परिणाम कुणाला भोगावे लागले’. पहिल्याला शिक्षा झाली नाही यावरून दुसऱ्याने गुन्हा केला नाही असं निघत नाही.

मतदानाचे आणि मृतांचे आकडे

आमसभेतलं मतदान संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य मिळतं. बघताना तीन गोष्टी: ठरावाची भाषा किती कडक आहे, तटस्थ किती, गैरहजर किती. तटस्थ आणि गैरहजर एक नाहीत. आणि मोठा खड्डा असा: मतदान झालंच नाही म्हणजे दोष नव्हता असं समजू नका. २ मार्च २०२२ रोजी रशियाविरुद्ध १४१ देशांनी मत दिलं, ५ विरोधात, ३५ तटस्थ. २००३ च्या इराक आक्रमणाचा निषेध करणारा एकही ठराव ना परिषदेत झाला ना आमसभेत. नुसते आकडे शेजारी मांडले तर इराकचं कार्ड कोरं दिसतं; प्रत्यक्षात महासचिव कोफी अन्नान यांनी सप्टेंबर २००४ मध्ये ते युद्ध सनदेच्या दृष्टीने बेकायदा असल्याचं सांगितलं होतं. बलाढ्य देशाविरुद्ध ठराव कधीकधी येण्याआधीच दाबला जातो, म्हणून ‘ठराव का आला नाही’ हेही कार्डाच्या मागे लिहावं.

मृतांची संख्या लिहिताना मोजण्याची रीत सोबत लिहा. नाव-गाव नोंदलेले मृत्यू हा एक आकडा, घराघरांत पाहणी करून काढलेला अंदाज हा दुसरा. दुसरा बहुतेक वेळा बराच मोठा येतो. एका युद्धाचा नोंदलेला आकडा आणि दुसऱ्याचा पाहणीचा अंदाज शेजारी ठेवला, की नकळत एक युद्ध हलकं होतं.

भारताची कार्डं

ती टाळू नका, पण चौथ्या-पाचव्या बैठकीआधी काढू नका. हात बसलेला असावा लागतो.

सुरुवात आपल्या मतदानापासून करा. १९५६ मध्ये भारताने सुएझवर तात्काळ आणि स्पष्ट निषेध केला. हंगेरीवर ४ नोव्हेंबरला तटस्थ राहिला आणि ९ नोव्हेंबरच्या, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका मागणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिलं. काश्मीरमध्ये उद्या हीच मागणी होईल ही भीती त्यामागे होती. जयप्रकाश नारायण यांनी तेव्हाच नेहरूंवर जाहीर टीका केली. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या सोव्हिएत चढाईवर भारत तटस्थ राहिला तेव्हा अशोक मेहता यांनी मंत्रिपद सोडलं. म्हणजे हा प्रश्न विचारणारे आपल्याकडे तेव्हाही होते. परदेशातून आलेली ही टीका नव्हे.

मग १९७१. ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केले, सुमारे एक कोटी निर्वासित आधीच सीमेअलीकडे होते. तरी ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या बाजूने १०४ मतं पडली, विरोधात ११. गटात इथे शांतता पसरते, कारण त्याआधीच्या बैठकांत १०४ आणि १०८ हे आकडे दुसऱ्यांविरुद्ध वापरून झालेले असतात. घाई करू नका. सहाही प्रश्न क्रमाने लावा: आधीचा हल्ला, निर्वासितांचा भार, आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य परत. यातली कोणती उत्तरं व्हिएतनामच्या कार्डाशी जुळतात आणि कोणती जुळत नाहीत (व्हिएतनामी सैन्य सप्टेंबर १९८९ पर्यंत कंबोडियात होतं) ते मांडा.

श्रीलंकेचं कार्ड दोन भागांत करा. ४ जून १९८७ रोजी जाफन्यावर भारतीय विमानांनी मदतीचं सामान टाकलं, तेव्हा कोलंबोची परवानगी नव्हती. शांतिसेना गेली ती २९ जुलैच्या करारानंतर, राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या संमतीने. पण पहिल्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत दिलेली ही संमती किती मोकळी होती, हा तिसऱ्या प्रश्नातला पोटप्रश्न आहे. १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी परत जा म्हटलं, शेवटचे जवान मार्च १९९० मध्ये निघाले. हजाराहून अधिक परतलेच नाहीत. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे होतं असे लोक नाशिकच्या गटात असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांना आधी विचारून घ्या आणि ते नको म्हणाले तर हे कार्ड त्या दिवशी बाजूला ठेवा.

कार्डं जपताना

प्रत्येक बैठकीनंतर कार्डाच्या मागे तारीख, निकालांची विभागणी आणि कोणत्या प्रश्नावर मतं फुटली ते लिहून एका पाकिटात ठेवा. वस्तुस्थिती उशिरा बाहेर येते. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकी जहाजांवर झालेल्या कथित हल्ल्याबद्दलचे अमेरिकी गुप्तचर संस्थेचे स्वतःचे कागद २००५ मध्ये खुले झाले; ब्रिटनमधली इराकवरची चिल्कॉट चौकशी २००९ मध्ये सुरू होऊन अहवाल जुलै २०१६ मध्ये आला. म्हणून वर्षातून एकदा पाकीट उघडून जुनी कार्डं वाचायची, नवं काही कळलं असेल तर वेगळ्या शाईने खाली जोडायचं. आधीचा निकाल खोडायचा नाही. त्याच्याखाली नवा लिहायचा आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर बदललं त्याचा क्रमांक द्यायचा.